जिभेला न कळणारे विष : पाण्यातील जड धातू, नवे संवेदक आणि आपले दायित्व

तांबडा समुद्र ओलांडून अरण्यात आलेल्या इस्राएली प्रजेला तीन दिवसांच्या तहानेनंतर जे पाणी मिळाले, ते मारा येथे मिळाले आणि ते कडू निघाले. पुढे यरीहो नगराच्या रहिवाशांनी अलीशा संदेष्ट्याजवळ गाऱ्हाणे मांडले, तेही पाण्याचेच होते. नगर रम्य आहे, परंतु पाणी वाईट असल्यामुळे भूमी फळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पवित्र शास्त्रातील या दोन प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. पाणी वाईट आहे, हे लोकांना कळत होते. एकदा ते जिभेने सांगितले, एकदा जमिनीने.

आपल्या काळातील पाण्याच्या प्रश्नाचे वेगळेपण येथेच आहे. आर्सेनिक (आपल्या जुन्या बोलीतील सोमल), शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यात विरघळले, तर त्या पाण्याला घातक प्रमाणातही रंग, गंध वा चव येतेच असे नाही. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसते, गोड लागते आणि वर्षानुवर्षे प्यायल्यावर त्वचेवर डाग, मज्जासंस्थेचे विकार, मूत्रपिंडाची हानी किंवा कर्करोग यांच्या रूपाने त्याची ओळख पटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु धातू नाहीसे होत नाहीत. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच.

म्हणूनच गेल्या दोन-अडीच दशकांत अब्जांश तंत्रज्ञानाच्या, म्हणजेच नॅनोतंत्रज्ञानाच्या साहाय्याने विकसित होत असलेल्या संवेदकांकडे जगाचे लक्ष लागले आहे. पाण्याचा एक थेंब, कागदाची एक पट्टी आणि रंगात होणारा बदल एवढ्यावर विषाची वर्दी मिळावी, असा या संशोधनाचा ध्यास आहे. हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही. विष ओळखता येऊ लागले की पुढचे प्रश्न विज्ञानाचे उरत नाहीत, ते न्यायाचे आणि शेजारधर्माचे होतात. याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वेदनादायक धडा आपल्या शेजारच्या बंगालच्या भूमीने दिला आहे.

हिरव्या आणि तांबड्या विहिरी

१९७० च्या दशकात बांगलादेशात तळी व नद्यांचे दूषित पाणी पिऊन अतिसार आणि पटकी यांमुळे असंख्य बालके दगावत होती. त्यावर उपाय म्हणून युनिसेफ आणि तेथील शासन यांनी कूपनलिका खोदण्यास चालना दिली. हेतू शुद्ध होता आणि जंतूंच्या बाबतीत भूगर्भातील पाणीही शुद्ध होते. पुढे लोकांनी स्वखर्चानेही लक्षावधी कूपनलिका खोदल्या. मात्र हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील लोहयुक्त कणांना आर्सेनिक चिकटलेले असते आणि प्राणवायूविरहित भूथरांत ते सुटून पाण्यात मिसळते, याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. पाण्याची तपासणी झाली, ती आर्सेनिकसाठी झाली नाही.

१९८३ साली कोलकाता येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या अंगावर आर्सेनिकच्या विषबाधेची लक्षणे आढळली. जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगावी नमुने गोळा करून हा प्रश्न जगापुढे मांडला. बांगलादेशातील विहिरींत आर्सेनिक असल्याचे १९९३ साली निश्चित झाले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखात या घटनेची गणना इतिहासातील सर्वांत मोठ्या सामूहिक विषबाधेत करण्यात आली.

त्यानंतर २००० ते २००३ या काळात बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिकांची तपासणी झाली. सुरक्षित विहिरीच्या तोंडाला हिरवा रंग आणि असुरक्षित विहिरीला तांबडा रंग देण्यात आला. सुमारे १४ लाख विहिरी तांबड्या ठरल्या. या तपासणीसाठी वापरलेली पद्धत जुनी होती. पाण्यातील आर्सेनिकचे वायूत रूपांतर करायचे आणि त्या वायूने रसायन लावलेल्या कागदावर पडणारा पिवळा-तपकिरी डाग रंगतक्त्याशी ताडून पाहायचा. हा वायू स्वतःच विषारी असतो, शिवाय अल्प प्रमाणात आर्सेनिक असता डाग इतका फिका पडतो की दोन माणसांचे दोन अभिप्राय होतात. डॉ. चक्रवर्ती यांच्या गटाने प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी तुलना करून या चाचणी-पेट्यांच्या विश्वासार्हतेवर गंभीर आक्षेप घेतले. काही सुरक्षित विहिरी तांबड्या ठरल्या आणि काही विषारी विहिरी हिरव्या राहिल्या.

किती अल्प प्रमाणाविषयी आपण बोलत आहोत, हे येथे समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आणि भारतीय मानक ब्यूरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक यांनुसार एक लिटर पाण्यात आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. शिशाची भारतीय मर्यादाही तेवढीच आहे. कॅडमियमची ३ मायक्रोग्रॅम आणि पाऱ्याची केवळ १ मायक्रोग्रॅम. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे, तर १० हजार लिटरच्या एका टँकरमध्ये चार-पाच तांदळाच्या दाण्यांच्या वजनाएवढे आर्सेनिक मिसळले, की ही मर्यादा गाठली जाते. एवढे सूक्ष्म प्रमाण अचूक मोजणारी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत आहेत, परंतु ती महाग आहेत, त्यांना कुशल तंत्रज्ञ लागतात आणि ती खेड्यातील हातपंपाजवळ नेता येत नाहीत.

सोन्याच्या कणांची साक्ष

नॅनो संवेदकांचे प्रयोजन ही उणीव भरून काढण्याचे आहे. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. या पातळीवर पदार्थांचे गुणधर्म पालटतात. आपल्या ओळखीचे पिवळे सोने सुमारे १३ नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात पाण्यात विखुरले, की ते पाणी द्राक्षारसासारखे लाल दिसते. कण एकमेकांजवळ येऊन त्यांचे पुंजके झाले, की तोच द्रव निळा-जांभळा होतो. हा चमत्कार नव्हे, कणांवर पडणाऱ्या प्रकाशाचा हा परिणाम आहे. ब्रिटिश संग्रहालयात असलेला चौथ्या शतकातील रोमन लायकरगस चषक बाहेरून प्रकाश पडला असता हिरवा आणि आतून प्रकाश आला असता लाल दिसतो, तो त्याच्या काचेतील सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली अशा सुवर्णद्रवाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आजच्या शास्त्रज्ञांनी हाच रंगबदल विषाची वर्दी देण्यासाठी कामास लावला.

पाऱ्याचे उदाहरण घेऊ. सजीवांच्या पेशींतील डीएनए या रेणूत थायमिन नावाचा एक घटक असतो. पाऱ्याचा आयन दोन थायमिनांच्या मध्ये जाऊन बसतो आणि त्यांना जणू कडी घालून जोडतो. सुवर्णकणांवर थायमिनयुक्त धागे बसवून अमेरिकेतील चॅड मर्किन यांच्या गटाने २००७ साली पाऱ्याची रंगचाचणी सिद्ध करून दाखवली. शिशासाठी इलिनॉय विद्यापीठातील यी लू यांनी २००३ साली निराळी युक्ती योजली. त्यांनी डीएनएचा असा तुकडा वापरला, जो शिसे असेल तरच कात्रीसारखे काम करतो. त्यामुळे बांधलेले सुवर्णकण सुटतात आणि निळा रंग लाल होतो. याखेरीज धातूच्या संपर्काने ज्यांची चमक वाढते वा मंदावते असे क्वांटम बिंदू, ग्राफीनच्या पातळ थरावरील विद्युत संवेदक, नॅनोकणांचा लेप दिलेले विद्युदग्र अशा अनेक वाटांनी संशोधन चालू आहे.

आपल्या देशानेही या क्षेत्रात भरीव कार्य केले आहे. आय.आय.टी. मद्रास येथील प्रा. टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील विष ओळखणे आणि ते काढून टाकणे या दोन्ही अंगांनी नॅनोपदार्थांचा उपयोग केला. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत एका कुटुंबाला वर्षभर शुद्ध पाणी देण्याचा खर्च सुमारे अडीच अमेरिकन डॉलर असेल, असा अंदाज होता. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले 'अमृत' हे आर्सेनिक काढणारे तंत्र पश्चिम बंगालसारख्या बाधित प्रदेशात वापरात आले. २०२० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

मोजमापाच्या मर्यादा

तरीही संवेदक म्हणजे देववाणी नव्हे. त्याच्या मर्यादा जाणून न घेता त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

पहिली मर्यादा पाण्याचीच आहे. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात एकच धातू मिसळून घेतलेली चाचणी आणि विहिरीच्या पाण्यातील चाचणी यांत अंतर असते. विहिरीच्या पाण्यात क्षार, लोह, सेंद्रिय द्रव्ये असे बरेच काही असते. साध्या सुवर्णकणांचे पुंजके नुसत्या मिठानेही होतात. म्हणजे किनारपट्टीवरील मचूळ विहिरीत विष नसतानाही कच्चा संवेदक धोक्याचा रंग दाखवू शकतो. शोधनिबंधात यशस्वी ठरलेली पट्टी बाजारात यायला वर्षे लागतात, ती याचमुळे.

दुसरी मर्यादा काळाची. एका दिवसाची चाचणी त्या दिवसाचे पाणी सांगते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, उपसा वाढल्यावर किंवा शेजारी कारखाना आल्यावर तीच विहीर वेगळी असू शकते.

तिसरी मर्यादा अन्नसाखळीची. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा मासळीच्या अंगी साठत गेला. मासळी हेच ज्यांचे अन्न होते, त्या कोळी कुटुंबांना त्याची भीषण बाधा झाली. आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला, परंतु विषारी सांडपाणी थांबण्यास आणि शासनाने कारण मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. पाण्याच्या पेल्यात पारा अत्यल्प दिसला, तरी ताटातील मासळीत तो कित्येक पटींनी अधिक असू शकतो, हे समुद्रकाठच्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावे.

ऐकणार कोण?

सर्वांत मोठा प्रश्न मात्र यंत्राच्या पलीकडचा आहे. विष आढळले, हे ऐकणार कोण?

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट नगरात एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. नदीच्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया न केल्याने जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. फ्लिंट हे मुख्यतः गरीब आणि कृष्णवर्णीय वस्तीचे नगर. माता बाटल्यांत गढूळ पाणी घेऊन सभांना जात होत्या आणि पाणी सुरक्षित असल्याची ग्वाही अधिकारी देत होते. २०१५ साली नागरिकांनी स्वतः गोळा केलेले अडीचशेहून अधिक नमुने व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तपासले गेले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी बालकांच्या रक्तातील शिशाचे वाढलेले प्रमाण जाहीर केले. प्रथम त्यांचीही संभावना झाली. अखेर ऑक्टोबर २०१५ मध्ये स्रोत बदलला गेला. जगातील सर्वांत प्रगत देशात उपकरणांची वानवा नव्हती. वानवा होती ती गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याच्या वृत्तीची.

बांगलादेशाकडे पुन्हा वळू. कोलंबिया विद्यापीठाने तेथील अराईहजार भागात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आपली विहीर असुरक्षित आहे हे कळल्यावर सुमारे ६० टक्के कुटुंबांनी वर्षभरात दुसऱ्या विहिरीचे पाणी घेण्यास आरंभ केला. त्या भागात निम्म्याच्या आसपास विहिरी दूषित होत्या, तरी बहुसंख्य घरांपासून १०० मीटरच्या आत एखादी सुरक्षित विहीर होतीच. म्हणजे कोट्यवधींचा प्रकल्प येण्यापूर्वीच नुसत्या खऱ्या माहितीने आणि शेजाऱ्याने उघडलेल्या फाटकाने अनेक जीव विषापासून दूर झाले. ज्याची विहीर हिरवी, त्याने ती तांबड्या विहिरीच्या धन्यासाठी मोकळी करावी, याहून साधा आणि याहून कठीण शेजारधर्म तो कोणता?

परंतु याच कथेची दुसरी बाजूही आहे. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अराईहजारच्याच दीर्घ अभ्यासानुसार, अभ्यासलेल्या लोकांमधील पाचांपैकी सुमारे एका मृत्यूचा संबंध मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिकशी जोडता येत होता. २०१६ साली 'ह्यूमन राइट्स वॉच'ने नोंदविले, की सुमारे दोन कोटी लोक तेव्हाही बांगलादेशाच्या मानकापेक्षा अधिक आर्सेनिक असलेले पाणी पीत होते. शासनाने खोदलेल्या खोल विहिरी गरजवंतांच्या वस्तीऐवजी राजकारण्यांच्या मर्जीतील लोकांच्या अंगणात गेल्याचेही त्या अहवालात म्हटले होते. विहिरींवरचा रंग काळाच्या ओघात उडून गेला. नव्या विहिरी खोदल्या गेल्या, त्या बहुधा तपासल्याच गेल्या नाहीत. विष ओळखता आले होते, पण ओळखीचे रूपांतर न्यायात झाले नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात गरिबांच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याच्या दर्जाचा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला आणि सुरक्षित पेयजल हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० सालीच या हक्काला मान्यता दिली होती. २०२० साली व्हॅटिकनने 'अक्वा फोन्स विते', म्हणजे 'पाणी, जीवनाचा झरा', हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेच्या या शिकवणुकीचा अर्थ एवढाच नव्हे, की पाणी सर्वांना मिळावे. ते कसे आहे हे जाणण्याचा अधिकारही सर्वांना असावा. ज्याला स्वतःच्या पाण्यातील विष कळू दिले जात नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो.

आपल्या अंगणात

बंगालच्या गाळाची भूरचना आपल्याकडे नाही. त्यामुळे तेथील भय जसेच्या तसे येथे आणणे योग्य होणार नाही. तथापि आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आजही विहिरी, कूपनलिका आणि टँकर यांवर अवलंबून आहेत आणि आसपास औद्योगिक वसाहती वाढल्या आहेत. तेव्हा अज्ञान आणि घबराट या दोन्ही टोकांपासून दूर राहून काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

प्रथम फसवणुकीपासून सावध राहावे. जलशुद्धीकरण यंत्रे विकणारे काही जण घरी येऊन पाण्यात विजेच्या दोन सळया बुडवतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवून भीती घालतात. तो गाळ बहुतांशी सळईतील लोखंडाच्याच झिजेचा असतो. त्याने पाण्यातील विष सिद्ध होत नाही. तसेच टी.डी.एस. मोजणारे छोटे यंत्र पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. आर्सेनिक वा शिशाचे घातक प्रमाण त्या आकड्यात दिसूच शकत नाही. टी.डी.एस. कमी म्हणून पाणी निर्धोक आणि अधिक म्हणून विषारी, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. उद्या नॅनो संवेदकाच्या नावाने पट्ट्या विकायला येतील, तेव्हाही विचारावे: ही कोणता धातू ओळखते, किती प्रमाणापासून ओळखते आणि कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पडताळून पाहिली आहे?

दुसरे म्हणजे शासकीय व्यवस्थेचा उपयोग करून घ्यावा. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या चाचणी-पेट्यांत जड धातूंची चाचणी सर्वत्र असतेच असे नाही, म्हणून ती स्वतंत्रपणे मागावी लागेल. आपल्या गावातील त्या पाच भगिनी कोण, त्यांना प्रशिक्षण मिळाले का, त्यांचा अहवाल ग्रामसभेत वाचला जातो का, हे विचारणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

तिसरे, धर्मग्राम पातळीवर पुढाकार घ्यावा. आपल्या शाळांत विज्ञान शिकवणारे शिक्षक आहेत, युवक संघटना आहेत, महिला मंडळे आहेत. गावातील पिण्याच्या विहिरींची यादी करणे, वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, नमुने प्रयोगशाळेत पाठवणे आणि आलेला निष्कर्ष विहिरीजवळच्या फलकावर लावणे, एवढे काम मोठ्या निधीवाचून होऊ शकते. निष्कर्ष चांगला आला तर मन निश्चिंत होईल. वाईट आला तर दुसरी चाचणी करून, पुराव्यासह संबंधित कार्यालयाकडे जाता येईल. फ्लिंटच्या नागरिकांच्या हाती तरी याहून वेगळे काय होते?

निष्कर्ष जाहीर करण्यास मात्र धैर्य लागेल. विहीर दूषित ठरली तर जमिनीची किंमत उतरेल, भाजीला गिऱ्हाईक मिळणार नाही, घराण्याचे नाव खराब होईल, अशी कुजबुज होणारच. म्हणूनच तपासणीआधीच गावाने एकत्र बसून ठरवावे, की ज्याची विहीर बाधित निघेल त्याला दोष दिला जाणार नाही आणि त्याच्या कुटुंबाला शेजारच्या विहिरीचे पाणी मिळेल. हे अभय आधी दिले नाही, तर जगातला सर्वोत्तम संवेदकही कपाटात पडून राहील.

यरीहोच्या रहिवाशांनी पाण्याचे दुःख लपवले नाही. ते संदेष्ट्यापुढे मांडले आणि अलीशा मिठाचे पात्र घेऊन थेट झऱ्याच्या उगमापाशी गेला. शास्त्रज्ञ विषाची वर्दी देणारी साधने आपल्या हाती देत आहेत. उगमापर्यंत जाण्याचे काम मात्र ग्रामपंचायत, महापालिका, उद्योजक आणि आपण सर्व भाविक यांचे आहे. या विषयावर आपापल्या धर्मग्रामात चर्चा घडवून आणावी आणि येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका सार्वजनिक विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, अशी वाचकांना कळकळीची विनंती आहे.